जीपचे तीन जन्म आणि एक सेडान

२०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीने जाहीर केलं, की तिकडच्या बाजारात आता आपण सेडान विकणार नाही. मस्टँग तेवढी राहील. फिएस्टा, फ्युजन, टॉरस ही मंडळी हळूहळू निरोप घेतील आणि यापुढे सगळा भर एसयूव्ही आणि पिकअप ट्रकवर. ज्या कंपनीने मॉडेल टी काढून सामान्य माणसाला मोटारीत बसवलं, तिनेच मोटारीला नारळ दिला! तिकडे राहणाऱ्या आमच्या भाचेमंडळींत तेव्हा यावर बरीच चर्चा झाली. एक युग संपलं वगैरे.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. अगदी हेच आपल्या महाराष्ट्रातल्या एका कंपनीनेही केलं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात २००७ पासून एक सेडान बनत होती. २०२० उजाडेपर्यंत ती गेली. विजेवर चालणारी तिची आवृत्ती सरकारी कार्यालयांसाठी आणखी थोडी रेंगाळली, एवढंच. आज महिंद्राच्या दुकानात डिकीवाली एकही गाडी मिळत नाही. सगळ्या उंच, चौकोनी. आणि कुणी हळहळलं नाही. का बरं? याचा विचार करता करता मी आमच्या म्हसवडच्या स्टँडवर येऊन पोचलो. ते कसं ते सांगतो. जरा लांबण लागेल, पण आमच्या घरातल्या मंडळींना सवय आहे त्याची.

आधी सेडान म्हणजे काय ते सांगून टाकतो, नाहीतर आमच्या मावशी म्हणतील की पहिल्याच पानावर अडकवलंस. लहान मुलाला मोटारीचं चित्र काढायला सांगितलं की ते जी काढतं, ती सेडान. पुढे इंजिनाचा डबा, मध्ये माणसांचा, मागे डिकीचा. फियाट, अँबॅसिडर, सगळ्या त्यातल्याच. हा शब्द मुळात मोटारीचा नाहीच. इंग्लंडात सतराव्या शतकात बंद खुर्चीला दोन दांडे लावून दोन माणसं ती वाहून न्यायची, तिला सेडान म्हणत. म्हणजे आपला मेणा! आत एक जण ऐटीत, बाहेर दोघे घामाघूम. आणि जीप? ती जन्मली युद्धात, चिखलातून चार सैनिक आणि एक बंदूक ओढून न्यायला. दोघींचं कूळच वेगळं.

१९४० साली अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या छोट्या कंपनीने केला, पण ढिगाने गाड्या बनवायचं काम मिळालं विलीजला आणि फोर्डला. महायुद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. त्यातल्या काही आपल्याकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आल्या आणि युद्ध संपल्यावर लष्करी लिलावात विकल्या गेल्या. भारताने जीप पाहिली ती अशी.

लुधियान्याचे जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा हे दोघे भाऊ. त्यांनी गुलाम महंमद यांच्यासोबत २ ऑक्टोबर १९४५ ला मुंबईत ‘महिंद्रा अँड महंमद’ ही कंपनी काढली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. कैलाशचंद्र युद्धकाळात इंडिया सप्लाय मिशनच्या कामावर वॉशिंग्टनला होते, त्यामुळे जीप त्यांना ठाऊक होती. पुढे फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, नंतर गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवर महंमदच्या जागी दुसरं महिंद्रा आलं. ‘एम अँड एम’ ही अक्षरं तशीच राहिली, अर्थ बदलला. आणि त्याच सुमारास विलीजच्या जीपचे सुटे भाग बोटीने आणून मुंबईत जोडायला सुरुवात झाली.

मोटारी तेव्हाही बनत होत्याच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ, नंतर फियाट. पण मोटार म्हणजे शहर, आणि जीप म्हणजे बाकी सगळं, अशी वाटणी तेव्हापासूनच झाली. ती कंपन्यांनी केली असं मला वाटत नाही. रस्त्यांनी केली.

आमच्या माणदेशातला रस्ता म्हणजे काय, हे माणदेशातल्या माणसाला सांगायला नको. सातारा-पंढरपूर हा वारीचा रस्ता तेवढा रस्ता म्हणण्यासारखा. बाकी सगळं माळ, मुरूम, ओढे. माणगंगेला वर्षातले आठ-नऊ महिने पाणी नसतं, त्यामुळे नदी हाही एक रस्ताच. अशा मुलखात फियाट आणली तर तिचं पोट पहिल्याच ओढ्यात दगडाला टेकणार. जीपचं पोट उंच, खाली जाडजूड चासी, तिला लावलेले पाटे. बैलगाडी जाते तिथे जीप जाते, असा सरळ हिशेब.

पण जीप घेणार कोण? १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना आली, पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि जीप झाली सरकारचं वाहन. बीडीओंची जीप, तहसीलदारांची जीप, हिवतापाच्या फवारणीची जीप, कुटुंबनियोजनाची जीप. हा जीपचा पहिला जन्म. गावाला जीपचा आवाज आला की आधी ‘कोण आलं?’ हा प्रश्न नसायचा. ‘काय आलं?’ हा असायचा. जप्ती की लस? पंचनामा की अनुदान? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेल्या बायका लांबवर धुरळा दिसला की हात जरा जोरात चालवायच्या, कारण ओव्हरसियर किंवा तहसीलदार जीपनेच येणार. आमच्या आजीच्या तोंडी ‘जीप आली’ याचा अर्थ ‘साहेब आला’ असाच होता, अगदी शेवटपर्यंत.

त्या जीपमध्ये गावातलं कुणी बसत नसे. बसलाच तर सरपंच, नाहीतर पोलिसांनी धरलेला. बाकीच्यांना एसटी. आणि एसटी जिथे जात नाही, तिथे पाय.

दुसरा जन्म हा आमच्या भागाचा खास. साताऱ्या-सांगली-कोल्हापूरकडे त्याला ‘वडाप’ म्हणतात. पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो: वडाप म्हणजे सीट भरल्याशिवाय न हलणारी खाजगी जीप. (सीट भरली हे ठरवणारा ड्रायव्हर, आणि त्याच्या मते ती कधीच भरत नाही.)

वडाप शक्य झालं ते डिझेलमुळे. सुरुवातीच्या जीपा पेट्रोलच्या, सरकारलाच परवडणाऱ्या. १९७३ नंतर जगात तेल महागलं आणि महिंद्राने सत्तरच्या दशकातच जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन आलं. डिझेल तेव्हा सरकारी भावाचं आणि पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त. आता जीप भाड्याने पळवून पोट भरणं जमण्यासारखं झालं. पुण्यात आकुर्डीला फिरोदियांच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्स काढली, तिच्यात मर्सिडीजच्या वंशातलं डिझेल इंजिन. (म्हणजे आमची म्हातारी माणसं बाजाराला मर्सिडीजच्या इंजिनावर जात होती, फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.) महिंद्राची लांब कमांडर आली. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली, तिचं नाव सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन केलेलं. या सगळ्या गाड्यांचा मागचा भाग सारखाच: दोन्ही बाजूंना लांब बाकडी, समोरासमोर तोंडं, गुडघ्याला गुडघा.

कायद्याने हे सगळं जरा तिरकंच होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत उतारू नेणाऱ्या गाडीला मॅक्सीकॅब म्हणतात. पण थांब्या-थांब्यावर माणसं उतरवत, तिकिटागत पैसे घेत जायचा हक्क महाराष्ट्रात एसटीचा. म्हणून वडापवाल्याचं सगळं आयुष्य फाट्यावर. स्टँडच्या आत जायचं नाही, दूर उभं राहायचं, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरने दिवा मारला की समजायचं, पुढे आरटीओ आहे. मग चार-पाच माणसं उतरायची, वळणापर्यंत चालत जायची आणि पलीकडे पुन्हा चढायची. कुणालाही त्याचं काही वाटायचं नाही. मी स्वतः कॉलेजला असताना कित्येकदा असा चाललोय.

आमचे थोरले चुलते, म्हणजे तात्या, यांची जुनी कमांडर होती. म्हसवड-दहिवडी, मध्ये गोंदवले. सकाळची पहिली फेरी दुधाच्या किटल्या आणि शाळेची पोरं. दुसरी दवाखान्याची माणसं. बाजाराच्या दिवशी टपावर कोंबड्या, शेळी, ज्वारीचं पोतं. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला तर विचारूच नका. तात्यांचे काही अलिखित नियम होते. बाळंतीण आणि म्हातारी पुढे. पोरांकडून अर्धे पैसे. ज्याच्याकडे आज नाहीत त्याने पुढच्या बाजारी द्यायचे. आणि रात्री कुणाच्या दारातून निरोप आला तर गाडी काढायची, सीट भरायची वाट बघायची नाही. याला ते समाजसेवा वगैरे म्हणत नसत. ‘उद्या तीच माणसं गाडीत बसायचीत’ म्हणायचे. साधा धंद्याचा हिशेब!

वडापला मी उगाच सोन्याचा मुलामा देणार नाही. एका गाडीत वीस-वीस माणसं, मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरं, ब्रेक कसेही, विम्याचा पत्ता नाही. घाटात गाडी पलटली की एकाच गावातल्या चार-पाच घरांत एकाच दिवशी सुतक. हे आमच्या भागाने पाहिलंय आणि विसरता येण्यासारखं नाही. पण तरीही ते खरं, की धुळदेव, दिवड, देवापूरसारख्या गावांतल्या ज्या माणसाकडे सायकलही नव्हती, त्याला दवाखाना, कोर्ट, कॉलेज, बाजार जवळ आणला तो त्या बाकड्यांनी. जीप साहेबाची राहिली नाही, बसेल त्याची झाली.

आता सेडानकडे येऊ.

वडापचे दिवस जोरात असतानाच मुंबईतल्या मोठ्या माणसांना वाटत होतं, की आपण फक्त जीप आणि ट्रॅक्टरवाले राहता कामा नये. १९९१ नंतर बाजार खुला झाला होता. १९९५ मध्ये महिंद्राने फोर्डशीच भागीदारी केली आणि १९९६ मध्ये एस्कॉर्ट ही सेडान आणली. (हो, तीच फोर्ड!) १९९८ पर्यंत फोर्डने आपला हिस्सा वाढवून कंपनी स्वतःकडे घेतली. महिंद्राने मग स्वतःच्या हिमतीवर २००२ मध्ये स्कॉर्पिओ काढली आणि ती तुफान चालली. तरी सेडानची हौस फिटली नव्हती. २००५ मध्ये फ्रान्सच्या रेनोशी ५१:४९ अशी भागीदारी झाली आणि २००७ मध्ये नाशिकमधून लोगान बाहेर पडली.

लोगान ही गाडी मुळात रुमानियातल्या डाचिया या रेनोच्या कंपनीसाठी केलेली. स्वस्त, साधी आणि दणकट. खर्च वाचवण्यासाठी काचा शक्य तितक्या सपाट आणि बाहेरचे आरसे असे, की डावा उजवीकडेही बसावा. मागे तीन माणसं ऐसपैस, डिकी ५१० लिटरची, म्हणजे लग्नाचा अर्धा बस्ता मावेल. दिसायला मात्र आगपेटी. टॅक्सीवाल्यांना ती फार आवडली, आणि घरगुती गिऱ्हाईक तिथेच पळालं. जी गाडी टॅक्सी म्हणून दिसते ती दारात कोण उभी करणार?

पण दिसण्याहून मोठं कारण होतं मोजपट्टी. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या मोटारींवरचं उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्के केलं. छोटी म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं १२०० किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत. लोगान ४ मीटरच्या वर, साधारण वीतभर! त्या एका वीतभर डिकीपायी गाडी महाग. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची डिकी कापून ती ४ मीटरच्या आत बसवली. २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली, महिंद्राने २०११ मध्ये लोगानचं नाव बदलून व्हेरिटो केलं आणि २०१३ मध्ये तिचंही शेपूट कापून व्हेरिटो व्हाइब काढली. चालली नाही. गंमत बघा, २०१६ मध्ये महिंद्राने बोलेरोलाही याच पट्टीत बसवलं, ४ मीटरच्या आत. ती मात्र आजही धावते आहे. दोघींवर कात्री तीच चालली, एक जगली, एक गेली. कारण बोलेरोचं वीतभर अंग कमी झालं तरी ती बोलेरोच राहते. सेडानची डिकी कापली की मग ती सेडान कसली?

पट्टी हा प्रकार अमेरिकेतही आहे. १९७५ च्या कायद्याने तिथे मोटारींना तेलाच्या खर्चाची बंधनं घातली, पण ‘हलके ट्रक’ या वर्गाला सैल सोडलं, आणि एसयूव्ही त्या वर्गात जाऊन बसल्या. त्याआधी १९६४ मध्ये युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात लावली म्हणून अमेरिकेने चिडून बाहेरच्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली. कोंबड्यांचं भांडण कधीच विझलं, ट्रकवरची जकात राहिली. त्या भिंतीआड तिकडच्या कंपन्यांना पिकअपमध्ये नफा आणि सेडानमध्ये मारामारी अशी स्थिती झाली. म्हणजे फोर्डने २०१८ ला जे केलं त्याची मुळं पन्नास वर्षं मागची. लोकांची आवड बदलली असं आपण सहज म्हणून जातो. आवड बदलतेच, पण कुठली वस्तू समोर स्वस्त ठेवायची हे बऱ्याचदा आधीच कुठल्यातरी कागदावर ठरलेलं असतं.

आणि सेडान सोडणारे हे दोघेच नाहीत. फियाट बनवणाऱ्या प्रीमियरने पद्मिनी २००० च्या सुमारास थांबवली, आणि २००९ मध्ये चिंचवडहून परत आली ती रिओ नावाची छोटी एसयूव्ही घेऊन! मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निघाली, तेव्हा मात्र लोक हळहळले, फोटो काढले. व्हेरिटोच्या नशिबी ते नव्हतं. तिने कुणाच्या आयुष्यात घरच केलं नव्हतं ना. फोर्ड तर २०२१ मध्ये भारतातला कारखानाच बंद करायला निघाली. त्याआधी महिंद्राशी पुन्हा सोयरीक जुळवायची बोलणी झाली होती, ती २०२० च्या शेवटच्या दिवशी मोडली.

म्हणजे महिंद्रा घरी परतली, असं म्हणता येईल. दोनदा सेडानशी संसार मांडून बघितला, जमला नाही, पुन्हा जीपच्या वंशाकडे वळली. आणि सगळा देशच तिच्या मागे आला. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या जवळपास २८ लाख, म्हणजे ६५ टक्के, एसयूव्ही आणि तत्सम वर्गातल्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटीचे दर बदलले तरी ४ मीटरची पट्टी तीच: आतल्याला १८ टक्के, बाहेरच्याला ४० टक्के. इंजिनाची अटही जुनीच.

हा जीपचा तिसरा जन्म. तो म्हसवडमध्येही दिसतो. यात्रेला गलाईच्या धंद्यातली, मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात, तेव्हा दुसऱ्या राज्यांच्या पासिंगच्या उंच, काळ्या-पांढऱ्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. आम्हाला त्याचा आनंदच आहे. ज्यांच्या बापांनी खडी फोडली, त्यांच्या पोरांनी ‘साहेबाची गाडी’ स्वतःच्या दारात उभी केली, यात वाईट काय? उंचावरून रस्ता बघण्याची हौस माणदेशाला इतरांपेक्षा जरा जास्तच असणार. पिढ्यान्‌पिढ्या धुरळा खाल्लाय आम्ही.

आणि नुसती हौस नाही. बोलेरोची पिकअप आणि २००५ मध्ये आलेला टाटांचा छोटा हत्ती यांनी आटपाडी-माणचं डाळिंब आणि मेंढरं बाजाराला नेली. तात्यांच्या वेळचे निम्मे वडापवाले आज पिकअप चालवतात. माणसांपेक्षा डाळिंब बरं, म्हणतात. ते तक्रार करत नाही आणि आरटीओला बघून उतरावं लागत नाही.

पण एक गोष्ट मला टोचते, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. पहिल्या जन्मात जीप उंच होती कारण रस्ता खराब होता. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्या जन्मात रस्ता चांगला झाला, सातारा-पंढरपूर रस्ता आज ओळखू येत नाही, आणि गाडी मात्र आणखी उंच झाली. जागा सातांची असते, बसतात दोघे. काचा वर, आत गार हवा. फाट्यावर हात केलेला माणूस दिसतो, पण थांबायचं कारण उरलेलं नसतं. ती गाडी कुणाचीच वाट बघत नाही, कारण तिची सीट भरावी लागत नाही.

इकडे वडाप आटत चाललंय. डिझेलचा भाव २०१४ मध्ये बाजारावर सोडला. मग प्रत्येक घरात मोटारसायकल आली आणि तरणी माणसं वडापमधून गेली. एसटीने २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. फार चांगलं झालं. पण त्याने म्हाताऱ्या आणि बाया, म्हणजे वडापचं हक्काचं गिऱ्हाईक, तिकडे गेलं. एसटीचा लांबलेला संप २०२१-२२ मध्ये झाला तेव्हा काही महिने वडापला पुन्हा बरे दिवस आले होते, संप मिटला आणि पुन्हा फाटे रिकामे झाले.

मग अर्ध्या तिकिटाची एसटी दिवसातून दोनदाच येते त्या वाडीवर रात्री नऊ वाजता कुणाच्या छातीत दुखलं, तर? १०८ ला फोन करायचा, हे बरोबरच आहे, आणि ती येतेही. पण ती लांबून येणार. पूर्वी वाडीत एक तरी कमांडर उभी असायची, आणि तिचा मालक गाडी काढायला बांधलेला होता, कायद्याने नव्हे, उद्याच्या गिऱ्हाइकाने. आज त्याच वाडीत तीन एसयूव्ही उभ्या असतील. त्यांचे मालक वाईट नाहीत, दार वाजवलं तर येतीलही. पण दार वाजवावं लागतं. वडापवाल्याला निरोप धाडताना कुणाची मान खाली जात नसे, कारण पैसे देऊन बसायचं होतं. आता उपकार मागायचे. हा फरक बारीक वाटेल, पण ज्याच्याकडे गाडी नाही त्याला विचारा.

म्हणून मी म्हणतो, सेडान गेली याचं माणदेशाला सुतक नाही. ती आमच्याकडे आलीच नव्हती, पाहुणी म्हणून येऊन ओढ्यापाशी पोट घासून परत गेली. मेणा तो मेणाच. गेलं ते दुसरंच काही, आणि ते कुठल्या कंपनीने जाहीर केलं नाही, कारण ते कुठल्या कंपनीने बनवलंही नव्हतं. चासी, पाटे, इंजिन कारखान्यातून आलं. समोरासमोरची ती बाकडीही तिथूनच आली असतील. पण त्यांच्यावर कोण कुठे बसायचं, कुणाचे पैसे उद्यावर टाकायचे, कुणासाठी गाडी भरायच्या आधी हलवायची, हे सगळं आमच्या लोकांनी बसवलं होतं. ते परत बसवता येईल का, गावाच्या चार वाहनवाल्यांनी रात्रीची पाळी ठरवून, रीतसर भाडं ठरवून, यावर आम्ही भावंडं सध्या बोलतोय. म्हसवडकडच्या मंडळींनी यात काय वाटतं ते कळवावं.

तात्यांची कमांडर २०१२ च्या दुष्काळाच्या आसपास भंगारात गेली. मागची दोन बाकडी तेवढी त्यांनी काढून ठेवली. ती अजून सोप्यात आहेत, समोरासमोर. आल्या-गेल्याला बसायला.